कार्डावर नाव विमा कंपनीचं, पण पैसे कोणाचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा चार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालंय, डॉक्टरांनी आठवड्याला २५ तास एबीए, म्हणजे वर्तनावर काम करणारी थेरपी लिहून दिलीय. तुम्ही राहता एडिसनला. न्यू जर्सीत ऑटिझमच्या थेरपीचा खर्च विम्यातून देणं कायद्यानं बंधनकारक आहे, हे तुम्ही वाचलेलं. तरी विमा कंपनीचं पत्र आलं की हा खर्च तुमच्या प्लॅनमध्ये बसत नाही. फोन केलात तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "राज्याचा तो कायदा तुम्हाला लागूच नाही." तुम्ही विचारताय: राज्यात राहतो, राज्याला टॅक्स भरतो, मग कायदा लागू कसा नाही? ही सरळसरळ फसवणूक नाही का?

बाई बहुधा खोटं बोलत नव्हत्या. पण त्यांनी अर्धंच सांगितलं, आणि उरलेलं अर्धं तुमच्या कामाचं आहे.

आधी माझ्याबद्दल एवढंच की मी वकील नाही. एकोणीस वर्षं याच कामात आहे. पहिली अकरा वर्षं क्लेम हाताळणाऱ्या एका कंपनीत अपिलांच्या, म्हणजे नकाराविरुद्धच्या अर्जांच्या टेबलावर होते, आता मध्यम आकाराच्या कंपन्यांना बेनिफिट्सचे प्लॅन बसवून देते. म्हणजे अशी पत्रं मी दोन्ही बाजूंनी पाहिलीत, लिहिलीतसुद्धा.

"कायदा लागू आहे का" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. पहिला प्रश्न असा की मुलाच्या थेरपीचा चेक ज्या खात्यातून निघणार, ते खातं कोणाचं? तुमच्या कार्डावर मोठ्या विमा कंपनीचा लोगो आहे, म्हणून पैसे तीच देते असं आपण धरून चालतो. अमेरिकेत नोकरीतून विमा मिळणाऱ्या शंभरातल्या साठाहून जास्त लोकांच्या बाबतीत ते खरं नसतं.

लग्नाचं जेवण आठवा. एक पद्धत अशी की केटररला ताटामागे अमुक पैसे ठरवून द्यायचे. पाहुण्यांनी जिलब्या कमी खाल्ल्या काय नि जास्त खाल्ल्या काय, फायदा-तोटा केटररचा. दुसरी पद्धत आपल्या आजोबांच्या वेळची. आचारी मजुरीवर बोलवायचा, शिधा आपण भरायचा. जेवण तोच रांधतो, वाढपीही त्याचेच, पण तूप संपलं तर खिशात हात आपल्यालाच घालावा लागतो, आणि मठ्ठा ठेवायचा की नाही तेही आपणच ठरवतो. पहिल्या पद्धतीच्या प्लॅनला इथे फुली इन्शुअर्ड म्हणतात. दुसऱ्याला सेल्फ फंडेड. दुसऱ्या प्रकारात विमा कंपनी म्हणजे फक्त आचारी: कार्ड छापते, डॉक्टरांचं नेटवर्क देते, क्लेम तपासते, नकाराची पत्रंही पाठवते. पैसे तुमच्या एम्प्लॉयरचे.

आता कायद्याकडे. भारतातून आलेल्या माणसाचा गोंधळ होतो, कारण तिथे सगळ्या देशाला मिळून विम्यावर लक्ष ठेवणारी इर्डा एकच. इथे विम्यावर लक्ष ठेवायचं काम राज्यांचं. १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की विमा हा आंतरराज्य व्यापार आहे, म्हणजे त्यात केंद्र हात घालू शकतं. राज्यं धास्तावली. लगेच पुढच्या वर्षी काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, मॅककॅरन-फर्ग्युसन कायदा करून तो कारभार राज्यांकडेच ठेवला. म्हणून पन्नास राज्यांत विम्याची पन्नास खाती आणि पन्नास तऱ्हा. न्यू जर्सीनं २००९ मध्ये ऑटिझमचा कायदा केला. त्यात तपासणी आणि निदान आलं, स्पीच, ऑक्युपेशनल आणि फिजिकल थेरपी आली, आणि मुलांसाठी एबीएसुद्धा आलं. तुम्ही वाचलात तो हाच. तो खराच आहे.

पण मध्ये १९७४ साल आहे. त्या वर्षी एरिसा नावाचा केंद्रीय कायदा झाला, आणि गंमत म्हणजे तो मुळात पेन्शनसाठी होता. १९६३ मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडचा स्टुडबेकर मोटारींचा कारखाना बंद पडला आणि हजारो कामगारांच्या पेन्शनवर पाणी पडलं. असं पुन्हा होऊ नये म्हणून जो कायदा पुढे आला, त्यात एम्प्लॉयर देत असलेले आरोग्याचे प्लॅनही घेतले गेले. दहा राज्यांत माणसं असलेल्या कंपनीला दहा नियमावल्या सांभाळाव्या लागू नयेत, म्हणून अशा प्लॅनच्या बाबतीत केंद्राचाच कायदा चालेल असं ठरलं. मग एक सवलत ठेवली: विमा कंपन्यांवरचे राज्यांचे कायदे तसेच चालू राहतील. आणि त्या सवलतीला पुन्हा पाचर मारली: मात्र एम्प्लॉयरच्या प्लॅनलाच विमा कंपनी समजायचं नाही.

तीन वाक्यांचा हा खेळ तुमच्या घरापर्यंत पोचलाय. १९८५ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका खटल्यात हाच मुद्दा सुप्रीम कोर्टापुढे आला, योगायोगानं तोही मानसिक आरोग्याच्या उपचारांवरून. कोर्टानं सांगितलं की एम्प्लॉयर विमा कंपनीकडून पॉलिसी विकत घेत असेल, तर राज्यानं सक्तीचे केलेले उपचार त्या पॉलिसीत असलेच पाहिजेत. स्वतःच्या पैशानं प्लॅन चालवत असेल, तर राज्याची सक्ती तिथे पोचत नाही. हे योग्य आहे का? मला विचाराल तर नाही. एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला थेरपी मिळते, दुसऱ्याला नाही, आणि फरक एवढाच की दोघांच्या बापांच्या कंपन्यांनी हिशोब निरनिराळ्या वहीत लिहिलाय. पण काँग्रेसनं आजवर हे बदललेलं नाही. तेव्हा हा कायदा असाच राहील हे धरून वाट काढायची.

तुमचा प्लॅन नक्की कुठला, हे कार्डावरून अंदाजानं कळतं. मागची बारीक अक्षरं वाचा. "इन्शुअर्ड बाय" किंवा "अंडररिटन बाय" असेल तर पॉलिसी बहुधा विकत घेतलेली आहे. "ॲडमिनिस्टर्ड बाय" असेल, किंवा विमा कंपनी फक्त क्लेमची कामं करते आणि पैशाची जोखीम घेत नाही अशा अर्थाचं काही असेल, तर शिधा एम्प्लॉयरचा. मात्र कार्डावर विसंबू नका. एचआरला ईमेल करा, फोन नको. दोनच गोष्टी मागा: हा प्लॅन फुली इन्शुअर्ड आहे की सेल्फ फंडेड ते लेखी कळवा, आणि समरी प्लॅन डिस्क्रिप्शन, म्हणजे प्लॅनमध्ये काय आहे-नाही ते सांगणारं पुस्तक, पाठवा. तुम्ही लेखी मागितल्यापासून ३० दिवसांत ते दस्तऐवज देणं प्लॅन चालवणाऱ्यावर बंधनकारक आहे. उशीर केला तर कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. ईमेलमध्ये ही धमकी घालायची गरज नाही. एचआरच्या लोकांना आकडा पाठ असतो.

इथे दोन-तीन फसवी वळणं आहेत. लेव्हल फंडेड नावाचा प्रकार लहान कंपन्यांत बोकाळलाय. दर महिन्याला ठरावीक रक्कम जाते म्हणून मालकालाही वाटतं की आपण विमा घेतलाय, कायद्याच्या दृष्टीनं मात्र तो सेल्फ फंडेडच. दुसरं, आपली बरीच मंडळी ज्या कन्सल्टिंग कंपन्यांमार्फत एच-वन-बी व्हिसावर येतात, त्यातल्या काही जणांचा विमा पीईओमार्फत असतो, म्हणजे अनेक लहान कंपन्यांचे पगार-बेनिफिट्स एकत्र पाहणाऱ्या कंपनीमार्फत. तिचा मास्टर प्लॅन कुठल्या राज्यात केलाय आणि कशा प्रकारचा आहे, ते वेगळं विचारावं लागतं. तिसरं, विकत घेतलेली पॉलिसीसुद्धा सहसा ज्या राज्यात ती दिली गेली तिथल्या कायद्यानं चालते. हेड ऑफिस टेक्ससमध्ये आणि पॉलिसी तिथलीच असेल, तर तुम्ही एडिसनच्या ओक ट्री रोडवर राहून उपयोग नाही, टेक्ससचा कायदा बघावा लागेल. (राज्य सरकार, सरकारी शाळा यांच्या नोकरदारांना एरिसा लागू नाही. त्यांचं गणित निराळं. तुम्ही त्यात नाही, म्हणून सोडून देते.)

समजा उत्तर आलं "फुली इन्शुअर्ड, पॉलिसी न्यू जर्सीची". मग फोनवरच्या बाई चुकल्या आणि तुमची बाजू भक्कम. अपिलात २००९ च्या कायद्याचा उल्लेख करा आणि सोबत राज्याच्या बँकिंग अँड इन्शुरन्स खात्याकडे तक्रार टाका. या खात्याचं पत्र विमा कंपनीत आलं की फाईल वेगळ्या टेबलावर जाते, हे मी आतून पाहिलंय.

तुमच्या वर्णनावरून मात्र मला तुमचा प्लॅन सेल्फ फंडेड वाटतो. अशा वेळी लोक जी चूक करतात ती सांगते, कारण मी ती जवळून पाहिली आहे. क्लेमच्या कंपनीत असताना एका जोडप्याची फाईल माझ्याकडे आली. कागद इतके नीट लावलेले की बघत राहावं. रंगीत पताका लावून निदानाचा रिपोर्ट, थेरपिस्टचं पत्र, राज्याच्या कायद्याची प्रत, त्यात पिवळ्या मार्करनं ओढलेल्या ओळी. सगळं त्यांनी आधी राज्याच्या खात्याला पाठवलं होतं. तिथून काही आठवड्यांनी उत्तर आलं की हा प्लॅन आमच्या अखत्यारीत येत नाही. मग वकील शोधण्यात दिवस गेले. आमच्याकडे अपील पोचलं ते १९३ व्या दिवशी. मुदत १८० दिवसांची. त्या पिवळ्या ओळी कोणी वाचल्यासुद्धा नाहीत. मीच पत्र टाईप केलं होतं: "मुदतीबाहेर".

तेव्हा नकाराच्या पत्रावरची तारीख आत्ता काढा. पत्र मिळाल्यापासून १८० दिवस. बाकी काहीही चाललेलं असो, ही घडी चुकवायची नाही.

त्याच पत्रात नकाराचं कारण शब्दशः काय लिहिलंय ते पाहा. कारण लिहिणं आणि प्लॅनमधलं कुठलं कलम लावलं ते सांगणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. बहुतेक कारणं दोन जातींची असतात. "मेडिकली नेसेसरी नाही", म्हणजे थेरपी प्लॅनमध्ये आहे पण तुमच्या मुलाला एवढी लागत नाही असं त्यांचं मत. किंवा "एक्सक्लुडेड", म्हणजे ही थेरपी प्लॅनमध्ये मुळातच नाही. दिसायला सारखी, पण औषध निराळं. पहिल्या जातीचं असेल तर लढाई वैद्यकीय. आतल्या अपिलात, म्हणजे प्लॅनकडेच केलेल्या अपिलात, डॉक्टरांचं सविस्तर पत्र लावा, २५ तासच का, १० का नाहीत, हे त्यात आलं पाहिजे. त्यांनी कुठले निकष लावले ते आणि तुमची सगळी क्लेम फाईल फुकट मागून घ्या. आतलं अपील हरलात तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र परीक्षणाला जाता येतं, आणि २०१० च्या ओबामांच्या कायद्यानंतर ते सेल्फ फंडेड प्लॅननाही लागू आहे (फार जुने, न बदललेले काही प्लॅन सोडून). त्या परीक्षकांचा निर्णय प्लॅनवर बंधनकारक असतो.

दुसऱ्या जातीचं असेल, आणि तुमच्या "प्लॅनमध्ये बसत नाही" या शब्दांवरून तसंच दिसतंय, तर बाहेरचे परीक्षक सहसा हात वर करतात. वैद्यकीय मत देण्यासारखं त्यात काही नसतं, प्लॅनच तसा लिहिलेला असतो. इथेच लोक विमा कंपनीशी भांडत महिने घालवतात. पण आचाऱ्यावर ओरडून काय उपयोग? मठ्ठा नको हे यजमानानं सांगितलंय.

म्हणून यजमानाकडे जायचं. सेल्फ फंडेड प्लॅनमध्ये एबीए ठेवायचं की वगळायचं, हे एम्प्लॉयर ठरवतो, आणि बहुतेक वेळा त्यानं ते ठरवलेलंही नसतं. दोन वर्षांपूर्वी तीनशे-सव्वातीनशे माणसांच्या एका कंपनीचं काम माझ्याकडे आलं. एका नोकरदार बाईंनी अगदी तुमच्यासारखीच तक्रार केली होती. बेनिफिट्सच्या मॅनेजरबरोबर बसून प्लॅनचा मसुदा उघडला. एक्सक्लुजनच्या यादीत, वजन कमी करण्याची औषधं आणि कॉस्मेटिक सर्जरी यांच्या मधोमध, ऑटिझमच्या वर्तन-थेरपीची ओळ. मॅनेजर म्हणाली, "हे आम्ही कधी घातलं?" घातलंच नव्हतं. क्लेमवाल्यांच्या छापील साच्यातून आलं होतं आणि दरवर्षी तारीख बदलून पुढे सरकत होतं. तिनं वरच्यांशी बोलून पुढच्या एक जानेवारीपासून ती ओळ काढून टाकली. कोर्ट नाही, वकील नाही. सगळीकडे इतकं सोपं होईल असं मी म्हणत नाही. लहान कंपनीला एका मुलाच्या थेरपीचा खर्चही जाणवतो, आणि काही मालक सरळ नाही म्हणतात.

नाही म्हणायच्या आधी त्यांना एक गोष्ट माहीत असावी, म्हणून पत्रात ती सौम्य शब्दांत घाला. राज्याचा कायदा त्यांना लागू नसला तरी केंद्राचा २००८ चा मानसिक आरोग्य समानतेचा कायदा लागू आहे (पन्नास किंवा त्याहून कमी माणसांच्या सेल्फ फंडेड कंपन्यांना सूट आहे, तुमची त्याहून मोठी दिसते). तो कायदा मानसिक उपचार द्याच असं म्हणत नाही. तो म्हणतो की देत असाल तर शारीरिक उपचारांपेक्षा जाचक अटी घालू नका. प्लॅन ऑटिझमचे इतर उपचार देतो आणि मुख्य उपचार असलेलं एबीए तेवढं वगळतो, तर हे या कायद्यात बसतं का, असा प्रश्न उभा राहतो. केंद्राच्या लेबर खात्यानं अशा एक्सक्लुजनवर प्लॅनना धारेवर धरलंय आणि काही प्लॅननी ती काढलीही आहेत. २०२१ पासून अशा मर्यादांचं तुलनात्मक विश्लेषण लेखी तयार ठेवणं प्लॅनवर बंधनकारक आहे, आणि एरिसाच्या प्लॅनमधला सभासद म्हणून तुम्ही ते मागू शकता. मागून बघा. पुष्कळदा ते तयारच नसतं, आणि तेवढ्यावरून बोलणी सुरू होतात. एचआर दाद देत नसेल तर तक्रारीची जागा म्हणजे लेबर खात्याचा बेनिफिट्स विभाग, एब्सा. तिथले बेनिफिट्स ॲडव्हायजर फोनवर फुकट सल्ला देतात आणि एम्प्लॉयरला स्वतः फोनही करतात.

आता तुमच्या प्रश्नातली एक ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत: पत्नी चाळीसेक माणसांच्या डेंटल ऑफिसात आहे, तिथला प्लॅन महाग म्हणून घेतला नाही. मी तुमच्या जागी असते तर आज रात्री सगळ्यात आधी तो कागद काढला असता. न्यू जर्सीत लहान कंपनीनं विकत घेतलेली पॉलिसी असेल, तर तिला राज्याचा ऑटिझमचा कायदा लागू आहे. सगळ्या कुटुंबानं तिकडे जायची गरज नाही, त्या आणि मुलगा एवढेच गेले तरी चालेल. प्रीमियम जास्त असेल, पण तो आठवड्याच्या २५ तासांच्या बिलासमोर ठेवून बघा. आधी विचारायच्या गोष्टी: तो लेव्हल फंडेड तर नाही ना, ओपन एनरोलमेंट, म्हणजे प्लॅनमध्ये नाव घालायचा काळ, कधी, आणि तुमच्या भागातले एबीएवाले त्यांच्या नेटवर्कमध्ये आहेत का, त्यातही वेटिंग लिस्ट किती. मुलगा दोन्ही प्लॅनवर ठेवायचा विचार असेल तर कुठला आधी पैसे देणार ते नियमानं ठरतं, तुम्ही ठरवून नाही. आईवडिलांपैकी ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याचा प्लॅन पहिला. दोघांचा जन्म कोणत्या साली झाला याच्याशी संबंध नाही, फक्त महिना आणि दिवस. यात पत्रव्यवहार दुप्पट होतो, हे माहीत असू द्या.

तेही जमलं नाही तर फक्त मुलाच्या नावावर राज्याच्या विमा-बाजारातून, गेट कव्हर्ड न्यू जर्सीवरून, पॉलिसी घेता येते. नोंदणी नोव्हेंबरपासून सुरू होते. आणि मुलगा तीनच्या पुढे आहे म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टकडे मूल्यमापनाची लेखी मागणी आजच करून ठेवा. तो रस्ता शिक्षणाच्या कायद्याचा आहे, विम्याचा नाही, म्हणून तुमचा प्लॅन कुठला याचा तिथे काही संबंध येत नाही. शाळेतली मदत म्हणजे घरचे २५ तास नव्हेत, पण हे सगळं मार्गी लागेपर्यंत पोरगं नुसतं बसून राहायला नको.

एचआरचं उत्तर आलं की त्यात "इन्शुअर्ड" लिहिलंय की "फंडेड" ते इथे कळवा, आणि नकाराच्या पत्रातलं कारणाचं वाक्य जसंच्या तसं टाका. मुलाचं नाव, जन्मतारीख आणि मेंबर नंबर झाकूनच. अपिलाच्या पत्राचा सांगाडा मी लिहून देईन.